शरणागताची साथ

आज रामनवमी. माध्यान्ही जन्मोत्सव होऊन सुंठवडा वाटला गेला, की संध्याकाळच्या कीर्तनात पुष्कळ ठिकाणी बिभीषण-शरणागतीचे आख्यान लावण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकही गेली चाळीस वर्षे ते लावीत आला आहे. सुग्रीव शंका घेतो, इतर वानरवीरही आपापली मते मांडतात. हा शत्रूचा भाऊ, याचा भरवसा काय? तेव्हा प्रभू रामचंद्र आपल्या म्हणण्याला आधार म्हणून एका कपोताची कथा सांगतात. ज्या व्याधाने त्याची कपोती हिरावून नेली, तोच शरण आला असता त्या पाखराने स्वतःचे मांस देऊन त्याचे आतिथ्य केले. युद्धाच्या ऐन तोंडावर, सेना समुद्रकाठी उभी असताना, वाल्मीकींचा राम एका पाखराचा दाखला देतो, ही गोष्ट श्रोत्यांच्या कानावरून सहज निघून जाते.

गेल्या वर्षी आख्यान संपल्यावर एका वृद्ध श्रोत्याने विचारले, “बुवा, हे सारे त्रेतायुगातले झाले. आज दाराशी आलेल्या निर्वासिताला कोण जवळ करतो?” त्या वेळी मी काहीतरी गोलमोल उत्तर दिले. खरे उत्तर मला ठाऊक होते. परंतु ते मंदिराच्या सभामंडपात उच्चारण्याचा धीर झाला नाही, कारण त्यात परधर्मीयांची नावे होती. ते ऋण आज फेडतो.

1975 च्या एप्रिलअखेर सायगाव पडले आणि व्हिएतनाममधून माणसे मिळेल त्या होडीत बसून समुद्रात शिरू लागली. पुढील वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसे अशी परक्या किनाऱ्यांना लागली. जी बुडाली, चाच्यांच्या हाती सापडली, त्यांचा नेमका हिशेब कोणापाशीच नाही. 1979 मध्ये तर शेजारच्या देशांनी किनाऱ्याला लागलेल्या होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या. त्याच वर्षी कंबोडियात ख्मेर रूज राजवट कोसळली. पावणेचार वर्षांत त्या राजवटीने पंधरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला होता. उरलेली हाडांचे सापळे होऊन थायलंडच्या सीमेकडे चालत निघाली.

त्या वेळी रोमन कॅथलिकांच्या येशूसंघाचे, ज्यांना आपण जेझुइट म्हणतो त्यांचे, प्रमुख पेद्रो आरूपे हे होते. हे स्पेनमधील बिल्बाओचे. वैद्यकीचा अभ्यास सोडून संन्यस्त झाले. 1932 मध्ये स्पेनच्या सरकारने त्यांचा संघच विसर्जित केला, तेव्हा देश सोडून परमुलखात शिकावे लागले. पुढे जपानात गेले. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्या वेळी शहराच्या कडेला नागात्सुका येथील मठात ते नवदीक्षितांचे गुरू होते. मठाचे रुग्णालय झाले. अर्धवट राहिलेली वैद्यकी आणि पोतेभर बोरिक अ‍ॅसिड, एवढ्या सामग्रीवर त्यांनी सुमारे दीडशे जखमींची शुश्रूषा केली. निर्वासन आणि संहार दोन्ही स्वतः पाहिलेल्या या माणसाने 1979 च्या नाताळात आपल्या अनेक प्रांतप्रमुखांना तारा केल्या: या होडीतल्या लोकांसाठी तुमच्याकडून काय होऊ शकेल ते कळवा. अन्न, औषधे, माणसे, पैसा यांचा ओघ सुरू झाला आणि 14 नोव्हेंबर 1980 रोजी ‘जेझुइट निर्वासित सेवा’ स्थापन झाली.

भारतातून जी मंडळी थायलंडच्या सीमेवर गेली, त्यांत पिएर सेराक हे फ्रेंच धर्मगुरू होते. 1937 मध्ये ते मद्रासला उतरले. त्यांनी संस्कृत व तमिळ यांचा अभ्यास केला आणि तामिळनाडूच्या कोरडवाहू भागात विहिरी खणण्याच्या कामात आयुष्य घातले. त्यांचे बंधू फ्रान्समधील कारखानदारांच्या महासंघाचे अध्यक्ष होते, हे कळल्यावर या माणसाने काय सोडले होते याची कल्पना येते. 1980 मध्ये ते सीमेवर गेले, तेव्हा सासष्ट वर्षांचे होते. माझेही वय आज त्याच्या आसपास आहे. एखाद्या दूरच्या गावी दोन दिवसांचे कीर्तन ठरले, तरी मी अंथरूण-पांघरुणाची चौकशी आधी करतो! सेराक तेथे सुमारे तेरा वर्षे राहिले.

कशा ठिकाणी राहिले, हेही पाहावे. 1985 नंतर ‘साइट टू’ नावाच्या छावणीत एक लाखाहून अधिक माणसे बांबू-गवताच्या झोपड्यांत कोंबलेली होती. भोवती काटेरी तार, पाणी टँकरने आणावे लागे आणि सीमेपलीकडून तोफगोळे पडत. या लोकांना ‘निर्वासित’ हा कायदेशीर दर्जाही नव्हता. सीमेवर शिधा सुरुवातीला बायका-मुलींच्याच हाती दिला जाई; कारण पुरुषांच्या हाती दिला, तर तो लढणाऱ्या टोळ्यांच्या कोठारात जाईल ही भीती. अन्नाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा कशाबशा भागवीत होत्या. परंतु बाहेर जायचे नाही, परत जायचे नाही, काम करायचे नाही, अशा माणसाला भाताच्या मापाखेरीज आणखी काही लागते. सेवेकऱ्यांनी शाळा चालवल्या, शिक्षक घडवले, आणि ज्यांना कोणी नव्हते त्यांच्याजवळ जाऊन बसले.

या संस्थेने आपल्या कार्याची तीन अंगे सांगितली आहेत: साथ, सेवा आणि कैवार. मला विशेष वाटले ते पहिल्या शब्दाचे. सेवेच्या आधी साथ! आम्हा कीर्तनकारांना साथ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तबलजी आणि पेटीवाला बुवांच्या पुढे धावत नाहीत, मागेही राहत नाहीत. बुवांचा आवाज बसला, तर टाळकरी चाल उचलून धरतात आणि सावरल्यावर पुन्हा खाली उतरतात. देणारा वर आणि घेणारा खाली, हा दानातला भेद साथीत राहत नाही. आपल्याकडे अन्नछत्रे पुष्कळ आहेत आणि ती थोर आहेत. पण पंगत उठल्यावर जेवणाऱ्याचे नाव विचारणारा यजमान मी फार थोडा पाहिला.

आता तो प्रश्न, जो आतापर्यंत अनेक वाचकांच्या ओठांवर आला असेल. ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष तर नव्हे? हा संशय निराधार म्हणून झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोव्यात मंगेशी आणि कवळे येथे मी कीर्तने केली आहेत. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी आणि शांतादुर्गेचे केळशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात भक्तांना आपले देव उचलून नदीपलीकडे अंत्रुजात न्यावे लागले. देवच निर्वासित झाले! 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली; आणि तो साष्टी प्रांत धर्मप्रसारासाठी याच येशूसंघाकडे सोपवलेला होता. 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, त्यानंतर तेथील ग्रामप्रमुखांना दग्याने ठार करण्यात आले. त्याच संघाच्या फादर स्टीफन्स यांनी पुढे मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये छापले गेले. इतिहासाची ही गुंतागुंत त्यांनीही विसरू नये, आम्हीही.

कंबोडियन छावण्यांतही काही ख्रिस्ती पंथांनी शरणार्थींच्या असहायतेत संख्या वाढवण्याची संधी पाहिली, आणि परदेशी आसरा मिळावा म्हणून काहींनी बाप्तिस्मा घेतला. मी त्याला सेवा म्हणणार नाही. तथापि आरूपे यांची संस्था धर्म न पाहता काम करते. सीमेवरचे बहुतेक लोक बौद्ध होते, ते बौद्धच राहिले. याहून बोलका एक प्रसंग आहे. 1992 मध्ये निर्वासित परतू लागले, तेव्हा महाघोषानंद या बौद्ध भिक्षूंनी थायलंडच्या सीमेपासून नोम पेन्हपर्यंत ‘धम्मयात्रा’ काढली. हे महाघोषानंद आपल्या नालंदेत शिकलेले. त्या पदयात्रेच्या उभारणीत छावण्यांतून काम केलेल्या एका जेझुइट बंधूचा मोठा वाटा होता. ख्रिस्ती सेवेकऱ्याने बौद्ध भिक्षूची वारी मार्गी लावावी, आणि वाटेतल्या गावकऱ्यांनी वारकऱ्यांच्या अंगावर पाणी शिंपडावे, या दृश्याला काय नाव द्यावे?

आरूपे यांनी ते पाहिले नाही. 6 ऑगस्ट 1981 रोजी, हिरोशिमाला बरोबर छत्तीस वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी बँकॉकमध्ये आपल्या सेवेकऱ्यांना भेटून, कितीही अडचण आली तरी प्रार्थना सोडू नका, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी रोमला उतरताच त्यांना पक्षाघात झाला. पुढची जवळजवळ दहा वर्षे, 1991 मध्ये देह ठेवीपर्यंत, हा माणूस स्वतःच इतरांच्या साथीवर अवलंबून होता.

सीमेवरची माणसे घरी परतली ती सुरुंगांनी पेरलेल्या शेतांत. त्यांच्यातला तुन चन्नारेत हा जुना सैनिक. 1982 मध्ये सुरुंगाने त्याचे दोन्ही पाय गेले. पुढे तो या सेवेकऱ्यांबरोबर आपल्यासारख्यांसाठी चाकाच्या खुर्च्या तयार करू लागला. 1997 मध्ये सुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मोहिमेच्या वतीने ते स्वीकारायला ऑस्लोच्या व्यासपीठावर तो आपल्या खुर्चीतून गेला. सिएम रीप येथील जेझुइटांच्या केंद्राचे नाव ‘मेत्ता करुणा’ आहे. पाली शब्द, आपल्या पातंजल योगसूत्रातली मैत्री आणि करुणा. नोम पेन्हजवळ 1991 मध्ये त्यांनी अपंगांसाठी एक शाळा काढली, जेथे पाय गमावलेल्यांना सुतारकाम, शिवणकाम, यंत्रकाम शिकवले जाई. ख्मेर रूजच्या काळात ती जागा रक्ताने माखलेली होती. तिचे नाव ‘बांतेय प्रीप’. ख्मेर भाषेत ‘बांतेय’ म्हणजे किल्ला, आणि ‘प्रीप’ म्हणजे कपोत.