चाकं थांबतात तिथून पुढं



सुट्टी तोंडावर आली की माझ्या टपालात सहलीचे प्रश्न सुरू होतात. या आठवड्यात पुण्याच्या, सहावीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘काका, आम्ही सहा जण आहोत. आई, बाबा, आजी, आत्या, मी आणि धाकटा भाऊ. दोन दिवस भोर आणि वेल्ह्याकडे जायचंय. बाबा म्हणतात, भाड्याची गाडी करू. आई म्हणते, एस.टी.नं जाऊ आणि त्या पैशांत तिथला चांगला वाटाड्या घेऊ. रोज रात्री जेवताना यावरून वाद होतो. तुम्हीच सांगा, कुणाचं बरोबर?’

बघा, काय कोड्यात टाकलंय मला! बाबांची बाजू घेतली तर आई रागावणार, आईची घेतली तर बाबा हे पानच वाचायचं सोडणार. म्हणून निकाल देण्याआधी माझीच एक चूक तुम्हाला सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडेही अशीच सहल ठरली होती. माझ्या आईला, म्हणजे आमच्या मुलांच्या आजीला, राजगडावरच्या पद्मावतीदेवीची ओटी भरायची होती. तिचं वय तेव्हा चौसष्ट. चालायची सवय होती, पण गुडघे अधूनमधून कुरकुरायचे. मी विचार केला, आजी बरोबर आहे तर गाडीच बरी. झालं, दिवसभरासाठी गाडी ठरवली. चालक सज्जन माणूस, गाडीही झकास. त्यानं आम्हाला बरोबर गुंजवण्याला, गडाच्या पायथ्याशी, नेऊन सोडलं. त्याला तोच पायथा माहीत होता आणि मला तर तोही माहीत नव्हता.

आम्ही चढायला लागलो. ही वाट चोरदरवाजाची. सुरुवातीला बरी, पुढं मात्र अंगावर येणारा चढ आणि शेवटी कातळातल्या पायऱ्या. बाजूला कठडे आहेत, पण हातांवर जोर देऊन चढावं लागतं. अर्ध्या वाटेवर आजी एका दगडावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही जाऊन या रे. मी बसते इथं.” मी तिच्याजवळ थांबलो. मुलं आणि काकू वर गेली. त्यांनाही धड काही बघता आलं नाही, कारण रात्री आठच्या आत गाडी परत न्यायची होती. उशीर झाला की जादा पैसे!

खाली आल्यावर एका घरी पिठलं-भाकरी खायला बसलो. वाढणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, “आजींना पालीच्या वाटेनं का न्हाई आणलं? तिकडनं पायऱ्या हायेत की. पालखीची वाट ती.”

मी घास हातात धरून तसाच बसलो. राजगडाला पाली दरवाजाची वाट आहे. रुंद, पायऱ्यांची, जुन्या काळचा राजमार्गच. वाजेघरच्या बाजूनं ती चढते. चढ आहेच, पण बसत-उठत, दम खात आजी तिथून नक्की वर गेली असती. दिवसभराच्या गाडीचे पैसे मी मोजले होते, पण गावातल्या एकाही माणसाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

‘पुढच्या वर्षी पालीकडून जाऊ,’ असं मी आजीला म्हणालो. पुढच्या वर्षी तिचे गुडघे जास्तच दुखायला लागले. काकूंच्या हातून ओटी पोचली, आजी काही पोचली नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे आईचंच बरोबर! थांबा, इतकी घाई नको. आधी नकाशा काढू.

पुण्याहून सातारा रस्त्यानं निघालात की खेड-शिवापूरचा टोलनाका लागतो. पुढं नसरापूर फाट्याला उजवीकडे वळलं की वेल्ह्याचा रस्ता. तसंच सरळ पुढं जाऊन कापूरहोळला वळलं की भोर. दोन्ही तालुके शेजारी-शेजारी, पण बघण्याची तऱ्हा अगदी वेगळी.

भोरकडे काय आहे? भोर हे पंतसचिवांचं संस्थान. सचिव म्हणजे अष्टप्रधानांपैकी एक. हे संस्थान 1948 साली विलीन झालं. भोरचा राजवाडा तुम्ही सिनेमात कितीतरी वेळा पाहिला असेल, नाव मात्र माहीत नसेल. (आत जायचं तर परवानगीचं आधी विचारून घ्या.) वाटेतच भाटघरचं धरण लागतं. वेळवंडी नदीवरचं हे धरण 1928 साली पुरं झालं आणि त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांतून पार बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. जलाशयाला नाव आहे शिवरायांच्या येसाजी कंकांचं. आंबवड्याला नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल आहे. परतीच्या वाटेवर नसरापूरजवळ बनेश्वरची गर्द झाडी. ही ठिकाणं एकमेकांपासून लांब, पण प्रत्येकाच्या जवळ गाडी जाते. इथं एस.टी.नं फिरायचं तर निम्मा दिवस थांब्यावर शेंगा खाण्यात जाईल. तेव्हा भोरच्या बाजूला बाबांना पूर्ण मार्क!

आता वेल्ह्याकडे वळू. या तालुक्याला ‘राजगड’ नाव द्यायला 2024 साली राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. इथले दोन मानकरी म्हणजे तोरणा आणि राजगड. तोरणा चौदाशे मीटरच्या आसपास उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. आणि राजगड ही रायगडाच्या आधीची स्वराज्याची राजधानी. महाराज आग्र्याहून सुटून 1666 साली आले ते इथंच. 2025 साली युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत राजगड आहे.

पण गाडीला हे काही सांगता येत नाही! गाडी पायथ्याला उभी राहते, तिचा मीटर थांबतो आणि खरी सहल तिथून पुढं सुरू होते. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला. माहितगार नसेल तर लोक पद्मावती माचीवर डबे उघडतात, फोटो काढतात आणि उतरतात. माहितगार असेल तर तो तुम्हाला संजीवनी माचीवर नेऊन दोन तटांच्या मधली चिंचोळी जागा दाखवील. बाहेरचा तट शत्रूनं पाडला तरी आत दुसरा उभाच! सुवेळा माचीवर कड्यातलं आरपार भोक, म्हणजे नेढं, दाखवील. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी कुठली, ते सांगील. त्या 1659 साली याच गडावर वारल्या.

आणखी एक गोष्ट, आईबाबांनीही ध्यानात ठेवावी अशी. राजगडावर मधमाश्यांनी लोकांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. कुठल्या कड्याला पोळी आहेत, कुठं आरडाओरडा आणि धूर करायचा नाही, हे रोज गड चढणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. बालेकिल्ल्याच्या उभ्या पायऱ्या लहान भावाला झेपतील का, धुकं उतरलं तर कुठं थांबायचं, हेही तोच सांगणार. मोबाइलवरच्या नकाशात वाट दिसते, पण डोंगरात रेंज गेली की नकाशाही जातो. तेव्हा वेल्ह्याच्या बाजूला आईला पूर्ण मार्क.

ही काही आजची रीत नाही. या मुलखाला मावळ म्हणतात. भोरकडे हिरडस मावळ, राजगडाखाली गुंजण मावळ, तोरण्याजवळ कानद खोरं. शिवरायांनी डोंगरवाटा माहीत असलेली मावळातली माणसं आधी जोडली. अशी माणसं सोबत नसती, तर नुसत्या घोड्यांनी काय केलं असतं?

आता पैशांचं गणित. वही घ्या. बाहेरगावी गाडी नेली की पुष्कळ ठिकाणी दिवसाला किमान 300 किलोमीटरचं भाडं लावतात. पुण्याहून भोर-आंबवडं-भाटघर करून परत आलात तर फार तर 150 किलोमीटर होतील. समजा, दर किलोमीटरला 15 रुपये आहे. चाललेल्या अंतराचे होतात 2250 रुपये, द्यावे लागतात 4500! शिवाय चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा. मग राजगडाच्या दिवशी काय होईल? जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि उरलेला सगळा दिवस गाडी झाडाखाली उभी. तिच्या उभं राहण्याचेही पैसे आपणच देणार. (दर मी गणितापुरता धरलाय. तुमच्या गावचा दर तुम्ही विचारा.)

म्हणून आमच्या मैत्रिणीला माझा सल्ला असा. दोन दिवसांचे दोन वेगळे बेत करा. भोरचा दिवस गाडीनं. वेल्ह्याच्या दिवशी एस.टी.नं नसरापूर किंवा वेल्ह्यापर्यंत जा, तिथून पायथ्यापर्यंत स्थानिक जीप ठरवा आणि गडासाठी गावातला वाटाड्या घ्या. एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतंच, 2023 पासून महिलांनाही अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुझं, आईचं, आत्याचं, आजीचं सगळ्यांचं अर्धं! गाड्यांच्या वेळा मात्र आधी विचारा, विशेषतः परतीच्या शेवटच्या गाडीची.

आता हे काम तुमचं. मोठी माणसं पैशांचं बोलतील, तुम्ही हे प्रश्न विचारायचे.

गाडीवाल्या काकांना:

1. किमान किती किलोमीटरचं भाडं? भत्ता आणि टोल धरून की वेगळा?
2. उशीर झाला तर तासाला किती जादा?
3. नंबरप्लेट पिवळी आहे ना? भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि त्यावर काळी अक्षरं असतात. चालकाशिवाय भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी, ती भाड्यानं द्यायची नसते.

वाटाड्या मामांना किंवा दादांना:

1. आमच्यात आजी आहे आणि लहान मुलगा आहे. कुठल्या वाटेनं न्याल?
2. वर जायला किती वेळ, उतरायला किती? पाणी कुठं मिळेल?
3. एकूण किती पैसे? (हे चढायच्या आधीच ठरवा. गडावर घासाघीस करू नका.)

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. “कुठूनबी जाऊ की,” असं उत्तर आलं तर आणखी एका माणसाला विचारा. “आजींना पालीकडनं नेऊ, दमानं,” असं कुणी म्हणालं, तर समजा, तुमचा माणूस सापडला.

असा माणूस मिळाला की त्याला ‘ए गाइड’ म्हणून हाक मारू नका. मामा म्हणा, दादा म्हणा. जेवायला आपल्यात बसवा. शेतीची कामं सांभाळून तो तुमच्याबरोबर येतो. त्या दिवसाचे पैसे त्याच्या घरच्या वह्या-पुस्तकांना लागतात. तुमच्या गाडीचं भाडं पुण्यातच राहतं, त्याचे पैसे मात्र गडाखालच्या गावात राहतात.

आणि हो, त्यानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट इतिहासच असेल असं नाही. वहीत दोन रकाने करा. एकावर लिहा ‘सांगतात’, दुसऱ्यावर ‘कागदात सापडतं’. रायरेश्वरावर 1645 साली स्वराज्याची शपथ घेतली, असं आपण ऐकत आलो. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला, असंही ऐकतो. घरी आल्यावर शाळेच्या वाचनालयात शोधा, कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात बसते ते. सहल दोन दिवसांची, पण हा खेळ वर्षभर पुरेल.

पावसाळ्यातल्या वाचकांसाठी एक वाक्य. वरंधा घाट पावसात अनेकदा बंद असतो आणि केळदजवळच्या मढे घाटात धबधब्याच्या कड्याशी जाणं जिवावरचं काम आहे. तिथं गाडी आणि वाटाड्या दोघांपेक्षा मोठा शहाणा म्हणजे ‘जाऊ नका’ असं सांगणारा गावकरी. त्याचं ऐका.

तर मैत्रिणी, आज रात्री जेवताना आईबाबांना सांग, दोघांचंही बरोबर आहे, फक्त दिवस वेगवेगळे. आणि निघण्याआधी आजीला विचार, तिला काय बघायचंय. आम्ही गाडी ठरवली, वेळ ठरवली, डबे भरले. आजीला किती चालवेल आणि कुठल्या वाटेनं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

पालीच्या वाटेवर आजी कुठं कुठं बसली आणि वर पोचल्यावर काय म्हणाली, ते मला पत्रानं नक्की कळव. मी वाट बघतोय.

तुमचा,
काका