रंधा आणि घंटा

आज विश्वकर्मा जयंती. सुतारांच्या घरी करवत, रंधा, पटाशी यांची पूजा होईल. अशा दिवशी अठराव्या शतकातील एका परधर्मीय सुताराचे स्मरण होते. इंग्लंडातील बॅरो गावचा जॉन हॅरिसन चर्चमध्ये गायकवृंदास शिकवी, घंटांचे सूर लावी. त्याने ब्रॉकल्सबी येथे १७२२ च्या सुमारास लाकडी चक्रांचे घड्याळ रचले. अंगच्याच स्निग्धतेमुळे त्या काष्ठास तेल लागत नाही. ते घड्याळ अद्याप चालते! पुढे सागरात रेखांश कळविणारे घड्याळही त्याने १७५९ साली सिद्ध केले. विद्वन्मंडळींनी मात्र त्यास तिष्ठत ठेवले. पार्लमेंटने द्रव्य दिले ते १७७३ साली, त्याच्या ऐंशीव्या वर्षानंतर. आम्ही कीर्तनकार गोरोबा-सावतोबांचा महिमा गातो. पण देवाचा रथ घडविणारा सुतार उत्सवात गर्दीमागे उभा असतो, आणि आम्ही त्यास पुढे बोलावीत नाही.