खासदार मुगलीसरात का येत नाही?

आमचे खासदार सी. आर. पाटील यांनी सुरतचं महापौर व्हावं, असं मी म्हटलं की साडी मार्केटातली पोरं हसतात. ‘केंद्रातलं जलशक्ती खातं सोडून? काका, बरं आहे ना?’

हसायला काय झालं? भाऊ मूळचे आपल्या जळगाव जिल्ह्यातले. आमचं लिंबायत, उधना त्यांच्या नवसारी मतदारसंघात येतं. 2024 मध्ये ते साडेसात लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. पण पावसाळ्यात मीठी खाडी फुगली की आमच्या गल्लीत दिल्ली कामाला येत नाही. शिलाई मशीनच्या मोटारी सोडवायच्या, ताके पलंगावर रचायचे, म्हातारीला शेजारच्या माळ्यावर चढवायचं आणि नगरसेवकाला फोन लावायचा. ‘वरती सांगितलंय,’ असं उत्तर ठरलेलं. वरती म्हणजे महापौर असं कुणाला वाटेल, पण नाही. 1949 च्या महानगरपालिका कायद्याने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे, पैशांच्या मंजुऱ्या बऱ्याचशा स्थायी समितीकडे. महापौराने सभा चालवायची, पाहुण्यांना हार घालायचे आणि अडीच वर्षांनी खुर्ची सोडायची. पालिकेचं मुख्य कार्यालय मुगलीसरात, शाहजहानच्या काळातल्या मुसाफिरखान्यात आहे, ते काही उगाच नाही!

म्हणून तर आमच्याकडे सगळे पालिकेतून दिल्लीला जातात. दर्शनाबेन जरदोश आधी नगरसेविका, मग खासदार, रेल्वे राज्यमंत्री. 2024 मध्ये बिनविरोध खासदार झालेले मुकेश दलाल स्थायी समितीचे अध्यक्ष होते. पुण्याचे मुरलीधर मोहोळही महापौरपदावरूनच पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. परतीचं तिकीट कोण काढतो?

पूर्वी काढत. विठ्ठलभाई पटेल 1918 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, त्यानंतर मुंबई पालिकेचे अध्यक्ष झाले आणि 1925 मध्ये दिल्लीत, मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदी. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. धाकटे वल्लभभाई तेव्हा अहमदाबाद पालिकेचा कारभार बघत होते.

आणि मँचेस्टर! तेही आपल्यासारखंच कापडाचं गाव. अँडी बर्नहॅम 2001 पासून खासदार, मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री राहिलेला माणूस. 2017 मध्ये तो ग्रेटर मँचेस्टरचा महापौर झाला, तेही थेट लोकांच्या मतांवर. 1986 पासून खासगी कंपन्यांच्या मर्जीवर चालणाऱ्या बसगाड्या त्याने 2025 च्या जानेवारीपर्यंत सगळ्या सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. हाती अधिकार होता, म्हणून जमलं.

आमच्याकडे 1994 च्या प्लेगनंतर शहर झाडून-धुऊन कुणी काढलं, हे सुरतेत कुणालाही विचारा. आयुक्त एस. आर. राव, असंच उत्तर येईल. रावसाहेबांबद्दल आदर आहेच. पण तेव्हाच्या महापौराचं नाव विचारलं, तर जुनेजाणतेही एकमेकांची तोंडं बघतात. लाखो लोकांच्या शहराला हे शोभत नाही. चांगला अधिकारी मिळाला तर आपलं नशीब, आणि त्याची बदली झाली की पुन्हा देवाला नारळ.

तेव्हा खासदाराने पालिकेत यायचं, तर आधी ती खुर्ची येण्याजोगी करा. पाच वर्षांची मुदत, थेट निवडणूक, सहीचा अधिकार आणि चुकलं तर जाब. मत मागायला कुणी दारात आलं, तर गटार-पाण्याबरोबर त्याला हेही विचारा: महापौराला अधिकार देणारा कायदा तुमचा पक्ष कधी आणणार?