उमेदवाराचे मत आधी विचारा, मग आपले द्या

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे गावच्या पारावर दोन प्रश्नांचा ऊहापोह होतो. उमेदवार कोणाचा? आणि निवडून येणार कोण? तिसरा प्रश्न, जो वास्तविक पहिला असावयास पाहिजे, तो कोणी विचारीत नाही. हा गृहस्थ दिल्लीस जाऊन हात वर करणार तो कोणत्या गोष्टीसाठी, हा तो प्रश्न होय. बैल घ्यावयाचा तर आम्ही दात पाहतो, खूर पाहतो, औताला धरून चार तास मारून पाहतो. आणि पाच वर्षे ज्याच्या मानेवर आमच्या संसाराचे जू ठेवावयाचे, त्याला मात्र फेटा बांधून, नारळ देऊन मोकळे होतो!

बंधुभगिनींनो, हे मत आपल्याला आयते मिळालेले नाही. निजामी अमलात आमच्या आजोबा-पणजोबांना राज्यकारभारात विचारणारे कोणी नव्हते. शेजारच्या मुंबई इलाख्यात १९१९ च्या सुधारणांनंतर मते आली, पण तीही ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्यांनाच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मोकळे झाले, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या नांदेड-लातूरच्या भूमिहीन मजुराच्या व त्याच्या बायकोच्या मताची किंमत जहागीरदाराच्या मताइतकी झाली. ती किंमत एका जेवणावळीत खर्चून टाकणे म्हणजे पूर्वजांच्या कष्टांचा अपमान नव्हे काय?

आमचा शेतकरी अडाणी आहे, त्याला राष्ट्राचे धोरण काय कळणार, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांनी नांदेडचा दाखला पाहावा. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडकरांनी एकाच दिवशी दोन मते दिली. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे लोकसभेची पोटनिवडणूक होती, आणि विधानसभेचीही निवडणूक होती. लोकसभेस काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले, आणि त्याच मतदारसंघातील सहाही विधानसभेच्या जागा महायुतीने घेतल्या! म्हणजे पुष्कळ माणसांनी एकाच खोलीत उभे राहून दोन यंत्रांवर दोन निरनिराळी बटणे दाबली. यात जातीचा हिशेब असेल, भाऊबंदकी असेल. परंतु दिल्लीचे काम वेगळे आणि मुंबईचे वेगळे, एवढे आमच्या माणसास खचित कळते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आणि १,४५७ मते म्हणजे काय? एखाद्या मोठ्या गावाने एका बाजूचे दुसऱ्या बाजूस जायचे ठरविले असते, तर निकाल फिरला असता.

आता आपल्या घरातलाच प्रश्न घेऊ. लातूर-नांदेडचा खरीप म्हणजे सोयाबीन. २०२४-२५ साठी त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात भाव त्याच्या खाली गेला होता. त्या निवडणुकीत एका बाजूने ६,००० चा पुकारा झाला, दुसऱ्या बाजूने ७,००० आणि वर बोनसचा. टाळ्या दोन्हीकडे पडल्या. परंतु कोणी उठून असे विचारले काय की, महाराज, निवडणूक मुंबईच्या विधानसभेची, आणि हमीभाव ठरवते दिल्लीचे सरकार. मग वरचे पैसे कोणत्या तिजोरीतून येणार? पुढच्या हंगामासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, दिल्लीने हमीभाव जाहीर केला तो ५,३२८ रुपयांचा. सहा हजार कोठे आणि सात हजार कोठे!

हमीभावापेक्षाही मोठी गोष्ट आयात जकातीची आहे, आणि तिचे नाव सभेत कोणी काढीत नाही. आपला देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ जकात बसविली. मे २०२५ च्या अखेरीस तीच १० टक्क्यांवर आणली. परक्या तेलाची वाट मोकळी झाली की येथल्या गिरणीवाल्याची सोयाबीनची भूक मंदावते, आणि लातूरच्या अडतीवर आपल्या मालाचा सौदा खाली बसतो. उलट जकात चढली की मजुराच्या घरची तेलाची पिशवी महाग होते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच तर प्रतिनिधीने आपले मत सांगावयास पाहिजे.

त्या निवडणुकीत आमच्या पारावर एका लोहारदादाने हेच विचारले. उमेदवाराची मंडळी गाडीतून उतरली, हार झाले, भाषण झाले. दादा उठून म्हणाला, "साहेब, तेल म्या इकत घेतो, अन् माझा थोरला भाऊ सोयाबीन इकतो. दिल्लीत तुमचा मानूस आमच्या दोघांपैकी कोनाच्या बाजूनं बोलनार?" सोबतचे लोक हसले. "मामा, तुम्हाला दिल्लीचं काय करायचंय?" असे एकजण म्हणाला. उमेदवाराने "नंतर बसून बोलू" असे सांगितले आणि गाडी निघून गेली. आम्हास त्या हसण्याचे वाईट वाटले. आम्ही शाळेत वर्षानुवर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवितो. त्या सगळ्या धड्यांपेक्षा दादाचा तो एक प्रश्न मोलाचा होता.

कारू-कारागिरांनीही आपले प्रश्न तयार ठेवावेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार अशा १८ धंद्यांसाठी ती आहे, आणि कर्ज पहिल्याने एक लाखाचे, मग दोन लाखांचे, पाच टक्के व्याजाने. कर्ज ठीक आहे. पण कारखान्याच्या मालापुढे कारागिराच्या मालाला गिऱ्हाईक कोण मिळवून देणार? तसेच येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. सगळ्या जातींची मोजदाद यापूर्वी १९३१ साली झाली होती. मोजणे ही अर्धी गोष्ट. आकडे आल्यावर लहानसहान कारागीर जातींच्या वाट्याबद्दल तुमच्या पक्षाचे म्हणणे काय, हे आजच वदवून घ्यावे. मोजमाप झाल्यावर माप लपविणारे व्यापारी आपण पाहिलेले आहेतच.

आणि शाळा? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चाचपणी सुरू केली. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर जातो. तांड्यावरची सात वर्षांची पोर ओढा ओलांडून परगावच्या शाळेत जाईल, की तिचे शिक्षण तेथेच थांबेल? याचे उत्तर मत मागणाऱ्याने द्यावे.

कोणी म्हणेल, उमेदवार शपथपत्र भरून देतोच. होय, त्यात मालमत्ता आहे, कर्ज आहे, गुन्हे आहेत, शिक्षण आहे. पण जकातीवर माझे मत अमुक, असा रकाना त्यात नाही. दुसरे असे की, १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनंतर पक्षाने हुकूम काढला की सभासदाला त्याप्रमाणेच मत द्यावे लागते, नाहीतर जागा धोक्यात येते. म्हणून माणसाबरोबर त्याच्या पक्षालाही विचारले पाहिजे. आणि निवडून गेल्यावर पाहू, असेही म्हणू नये. शेतीचे तीन कायदे सप्टेंबर २०२० मध्ये आवाजी मताने मंजूर झाले. कोणी होय म्हटले, कोणी नाही, याची मोजणी नाही. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द झाले, तेही चर्चेवाचून. येताना हात मोजले नाहीत, जाताना कारण सांगितले नाही! मग खळ्यातल्या माणसाने हिशेब मागावा कोणाकडे?

आमचे सांगणे थोडक्यात असे. निवडणूक लागली की गावाने एक दोनशे पानी वही घ्यावी. तीत चार प्रश्न लिहावेत: तेलाच्या जकातीचे काय, हमीभावाने खरेदी किती आणि कोण करणार, जातगणनेच्या आकड्यांचे काय, गावची शाळा राहणार की नाही. जो उमेदवार येईल त्याच्यापुढे, मग तो आपल्या भावकीतला असो की परका, हे प्रश्न वाचून दाखवावेत. वाचण्याचे काम एखाद्या शिकलेल्या मुलीकडे द्यावे. उत्तर त्याच्याच शब्दांत, तारखेसह उतरवून खाली सही मागावी. जो सही नाकारील त्याचे नाव आणि "उत्तर दिले नाही" एवढे लिहावे. वही चावडीवर ठेवावी, कोणाच्या वाड्यात नव्हे. पाच वर्षांनी तो पुन्हा हार घ्यावयास आला की आधी वही उघडावी.

सावकाराच्या वहीत आमच्या बापजाद्यांचे अंगठे पिढ्यान्‌पिढ्या उमटले. आता एक वही आपली असू द्या, आणि तीत सही पुढाऱ्याची असू द्या.