थेऊरच्या अलीकडे

मुलुंडच्या आमच्या कॉलेजातली रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ची (१९६२) प्रत दर दोनतीन वर्षांनी नव्याने बांधून घ्यावी लागते. मुली ती अक्षरशः फाडून वाचतात! यंदा वर्गातली एक धीट पोरगी म्हणाली, “बाई, रमाबाई मला फार आवडतात, पण थेऊर आले की मी पुस्तक मिटते.”

मी निरुत्तर झाले. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले नि रमाबाई सती गेल्या. इतक्या गोड नायिकेला इतिहासानेच चितेखेरीज वाट ठेवली नाही, तिथे कादंबरीकार तरी काय करणार?

मी तिला ना. सं. इनामदारांची ‘शिकस्त’ दिली. तिच्यातल्या पार्वतीबाई म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. १७६१ साली पानिपतावर भाऊ पडले, असे सारे सांगत होते. बाईंनी मात्र कुंकू पुसू दिले नाही. हाती तलवार नाही, तोंडी भाषण नाही, नुसता नकार! असली हट्टी बाई मला कुठल्याही रणरागिणीपेक्षा जवळची वाटते.

पोरीने पुस्तक परत केले, तेव्हा ते मी घाटकोपरला आत्याकडे नेले. आत्याचे कपाळ चाळिशीच्या आतच पांढरे झालेले. आठ दिवसांनी गेले नि मोठ्या उत्साहाने विचारले, “काय, कशा वाटल्या पार्वतीबाई?”

चहाचे आधण ठेवता ठेवता ती म्हणाली, “तिला निदान शंका घ्यायला जागा होती गं. मी तर उशाशीच बसले होते.”