दिलेल्या वचनाची गोष्ट

फराळाचे डबे भरून झाले, पाहुणे येऊन गेले, की दुपारच्या निवांत वेळी हाताशी एखादी रहस्यकथा हवी, असे मानणारी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि धनंजय-छोटूने किती जणांच्या दुपारी अशा घालवल्या असतील! या वाचनातले सुख साधे असते. खून होतो, संशय चारचौघांवर फिरतो, आणि शेवटच्या पानावर हिशेब चोख जमतो. एरवीच्या संसारात कुठला हिशेब इतका चोख जमतो?

यंदा मात्र हा हिशेब मुद्दाम न जमवणाऱ्या कादंबरीविषयी सांगायचे आहे. फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाची ‘वचन’ ही जर्मन कादंबरी १९५८ साली निघाली. इंग्रजीत ती ‘द प्लेज’ नावाने मिळते. उपशीर्षकातच लेखकाने रहस्यकादंबरीचे श्राद्ध घातले आहे!

मात्तेई हा झ्यूरिकच्या पोलिसांतला बुद्धिमान अधिकारी. वय पन्नाशीचे, ना विडीकाडी, ना दारू, ना घरी वाट पाहणारे माणूस. जॉर्डनच्या पोलिस दलाची घडी बसवून देण्यासाठी तो निघायच्या बेतात असतानाच एका खेड्याजवळच्या रानात ग्रिटली नावाच्या लहान मुलीचे प्रेत सापडते. ही बातमी आईबापांना सांगायची कोणी? ते काम मात्तेईच्या वाट्याला येते. खुनी शोधून काढीन, असे वचन मुलीची आई त्याच्याकडून मागते. तिथून कसेबसे सुटावे म्हणून तो वचन देतो, आणि जन्माचा अडकतो.

प्रेत प्रथम पाहणारा एक फेरीवाला असतो. त्याच्या नावावर जुनी शिक्षा असल्यामुळे संशय त्याच्यावर येतो. तासन्‌तास उलटतपासणी चालते, तो कबुली देतो आणि कोठडीत गळफास घेतो. पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटते. मात्तेईला मात्र ते पटत नाही. विमानतळावर मुलांचा घोळका दिसताच त्याची पावले मागे वळतात. आता हाती अधिकार नाही, नोकरीही नाही. हाती आहे ते ग्रिटलीने शाळेत काढलेले एक चित्र. त्यात एक राक्षसासारखा माणूस, काळी मोटार आणि शिंगांचा कसलासा प्राणी आहे.

तो प्राणी म्हणजे ग्राउब्युंडन परगण्याच्या मोटारींवरचे रानबोकडाचे चिन्ह, असा तर्क मात्तेई करतो. म्हणजे खुनी तिकडून झ्यूरिककडे येत-जात असणार. त्या रस्त्यावर तो पेट्रोल पंप चालवायला घेतो. घरकामाला एक परिस्थितीने गांजलेली बाई ठेवतो. तिला आनेमारी नावाची मुलगी आहे आणि ती ग्रिटलीसारखी दिसते. मासे धरणाऱ्या पोरांकडून तो एक धडा शिकला आहे : मासा हवा तर गळाला आमिष लागते.

पुस्तक क्षणभर मिटून ठेवावेसे वाटते ते इथे. एका आईला दिलेला शब्द पाळण्यासाठी दुसऱ्या आईचे लेकरू तिच्या नकळत रस्त्याच्या कडेला बसवायचे, हा कुठला न्याय? गंमत अशी, की मात्तेई दुष्ट नाही. तो त्या पोरीला परीकथा सांगतो. आणि तर्कात तो कुठेही चुकलेला नाही. चुकते ते नशीब. ज्याची वाट पाहायची तोच वाटेतल्या मोटार-अपघातात संपतो. मात्तेईला त्याचा पत्ताही नसतो. कादंबरीच्या सुरुवातीलाच आपल्याला तो भेटतो : दारूने खंगलेला, पंपापाशी बसून अजून वाट पाहणारा. अकाली प्रौढ दिसणारी आनेमारीही तिथेच आहे. खुनी तिच्यापर्यंत पोहोचला नाही. तरी तिचे बालपण गेले ते गेलेच.

याच कथेवर त्याच वर्षी चित्रपट निघाला होता आणि त्याची पटकथाही ड्युरेनमाटचीच होती. आईबापांनी मुलांना जपावे, हा त्या चित्रपटाचा हेतू. त्यात गुन्हेगार सापडतो आणि सगळे सुरळीत होते. लेखकाचे समाधान झाले नाही. त्याने तीच गोष्ट पुन्हा हाती घेतली आणि तिचा शेवट बदलून कादंबरी लिहिली. २००१ साली शॉन पेन या दिग्दर्शकाने ‘द प्लेज’ काढला तो कादंबरीच्या वाटेने. त्यात जॅक निकल्सनने निवृत्त पोलिस अधिकारी रंगवला आहे.

पुस्तक छोटे आहे, दोन बैठकांत संपते. लहानांच्या हाती मात्र देऊ नये. आणि घरात दोघा-तिघांचे वाचून झाले, की चहाच्या वेळी एकच प्रश्न टाकून पाहावा : मात्तेईने काय करायला हवे होते? वचन मोडून विमानात बसायला हवे होते, की परतायला? परतायला हवे होते, असे म्हणणाऱ्याने आनेमारीच्या आईलाही उत्तर द्यावे. आमच्या घरी या प्रश्नावर दोन तट पडले आहेत, आणि ते अजून मिटलेले नाहीत.