नवा गडी, जुना डाव

मंडळी, आज विषय जरा लांबचा आहे. अमेरिकन फुटबॉल. हा खेळ मी रात्री दोन-तीन वाजता मोबाईलवर बघतो आणि त्यावरून घरात बोलणी खातो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण सिॲटल सीहॉक्स या संघाच्या चाहत्यांचं एक पालुपद ऐकून डोकं फिरतं, म्हणून लिहितोय. "जमाल ॲडम्सने संघाला बुडवलं." मला हे साफ नामंजूर आहे. बुडवलंच असेल तर ज्यांनी त्याला आणलं आणि आणून काय करायचं ते ठरवलं नाही, त्यांनी.

आधी सेफ्टी म्हणजे कोण ते सांगतो. बचाव करणाऱ्या अकरा जणांत सगळ्यात मागे साधारण दोघे उभे असतात, ते सेफ्टी. पुढचे सगळे चुकले तरी हे चुकून चालत नाहीत. कबड्डीत कॉर्नरने घोटा धरला पण कव्हर वेळेवर धावून आला नाही, तर चढाईवाला सगळ्यांना घेऊन मध्यरेषेला हात लावतो. तसंच हे. सेफ्टीची चूक झाली की समोरच्याचे गुण लागलेच.

आता सिॲटलची गोष्ट. २०१० मध्ये पीट कॅरोल प्रशिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी त्यांनी दोन नवे सेफ्टी निवडले. अर्ल थॉमस पहिल्या फेरीत, १४ वा. कॅम चान्सलर थेट पाचव्या फेरीत, १३३ वा. एक अंगाने लहान पण वाऱ्यासारखा पळणारा, दुसरा सव्वासहा फुटांचा पहाड. कॅरोल यांनी काय केलं? थॉमसला एकट्याला मागे मधोमध ठेवलं, सगळं आभाळ त्याच्या ताब्यात. चान्सलरला पुढे आणलं, पळणाऱ्यांना आडवं करायला. मागचं मधलं मैदान एकटा माणूस सांभाळतोय म्हटल्यावर पुढे एक माणूस जास्त मिळाला. साधा हिशोब! २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं या संघाने लीगमध्ये सगळ्यात कमी गुण दिले. २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडवला.

लक्षात घ्या, डाव माणसांवरून बेतला होता. त्यात पाचव्या फेरीतला गडीही सोनं झाला.

मग काय झालं? मानेच्या दुखापतीने २०१७ मध्ये चान्सलरचा खेळ संपला. २०१८ मध्ये थॉमसचा पाय मोडला आणि पुढच्या वर्षी तो दुसरीकडे गेला. आता पहाड नाही, वाराही नाही. २०२० च्या जुलैमध्ये सिॲटलने न्यूयॉर्क जेट्सकडून ॲडम्सला आणलं. किंमत? पहिल्या फेरीच्या दोन निवडी, तिसऱ्या फेरीची एक, वर एक खेळता सेफ्टी. बदल्यात ॲडम्स आणि चौथ्या फेरीची एक निवड. घर विकून घोडा घेतला म्हणा!

पहिल्या वर्षी घोडा धावला. ॲडम्सला मागून थेट क्वार्टरबॅकवर सोडत होते. १२ सामन्यांत साडेनऊ वेळा त्याने चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला लोळवलं. मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी हा विक्रम. पण त्याच हंगामात खांदा दुखावला, पुढे शस्त्रक्रिया झाली. आपल्यापेक्षा चाळीस-पन्नास किलो जड माणसांच्या भिंतीत रोज घुसायचं, मग शरीर मोडणार नाही तर काय!

२०२१ मध्ये वर्षाला सरासरी साडेसतरा दशलक्ष डॉलरचा करार झाला. सेफ्टीला तेव्हा कुणी एवढे दिले नव्हते. आणि त्याच वर्षी त्याला पुढे सोडणं बरंच कमी केलं. तसा लोळवण्याचा आकडा आला शून्य. ज्या कामासाठी इतके पैसे मोजले, तेच काम काढून घेतलं, आणि लोक म्हणतात हा झोपला! २०२२ च्या पहिल्याच सामन्यात मांडीचा स्नायू गुडघ्यापाशी फाटला. २०२४ च्या मार्चमध्ये त्याला नारळ दिला.

त्याचा दोष अजिबात नाही असं म्हणत नाही. उंच फेकीवर तो कमी पडायचा, हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. पण ते त्याला आणायच्या आधीही दिसत होतं ना? आणि शेजारी कोण उभा होता बघा. क्वांड्रे डिग्स. २०१९ मध्ये डेट्रॉईटकडून जवळजवळ फुकट आणलेला, पाचव्या फेरीच्या एका निवडीवर. त्याला मागे राहून चेंडू वाचायचं काम दिलं, जे त्याला येत होतं. सलग तीन वर्षं तो प्रो बोलसाठी निवडला गेला.

कुणाला अजून पटत नसेल तर बाल्टिमोर बघा. २०२३ मध्ये माइक मॅकडोनाल्ड तिथे बचाव सांभाळत होते. काईल हॅमिल्टन हा उंचापुरा सेफ्टी त्यांनी कधी मागे, कधी पुढे, कधी मधे ठेवला. कोण येणार, कोण थांबणार, क्वार्टरबॅकला कळेचना. सातव्या फेरीत निवडलेल्या जीनो स्टोनने त्या वर्षी सात चेंडू अडवून पकडले. लीगमध्ये सगळ्यात कमी गुण त्याच संघाने दिले. आणि २०२४ मध्ये सिॲटलने कॅरोल यांच्या जागी आणलं कुणाला? याच मॅकडोनाल्डना! म्हणजे अखेर त्यांनाही कळलं, आधी डाव आखणारा लागतो.

तेव्हा नवा सेफ्टी आला की बचाव बदलेल का, हा प्रश्नच अर्धा आहे. त्याला काय येतं, काय झेपतं, आणि त्यासाठी बाकीचे दहा जण जागा बदलायला तयार आहेत का, हे आधी विचारा. उत्तर नसेल तर तो गडी आणू नका. आणलात आणि फसलात, तर निदान त्याच्या मोडलेल्या खांद्यावर खापर फोडू नका.

आपल्याकडेही नवा साहेब आला की पहिल्या दिवशी हार, सहा महिन्यांनी शिव्या. खालची फाईल मात्र तशीच, त्याच टेबलावर. तिथेही हाच प्रश्न विचारून बघा.